पहारेकऱ्याची लेखी परीक्षा

लाखोट्यांच्या घरात हेर आहे, ही गोष्ट उघडकीला आली ती एका उशीमुळे.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर एक पत्र छापून घ्यायला वर आले होते. लाखोट्यांनी मोठ्या ऐटीत संगणक सुरू केला, आणि पडद्याच्या उजव्या कडेला एक गोल, मधोमध भोक असलेली उशी उगवली. खाली लिहिलं होतं, "बसताना त्रास होतो? आता लपवू नका." डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. आधी उशी पाहिली, मग लाखोट्यांकडे पाहिलं, आणि मग लाखोटे ज्या खुर्चीवर जरा तिरके बसले होते त्या खुर्चीकडे पाहिलं.

"किती दिवसांपासून?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"जाहिरात आहे ती," लाखोटे म्हणाले.

"हो हो. सुरुवातीला सगळे तसंच म्हणतात."

डॉक्टर पत्र घेऊन गेले. लाखोटे तसेच बसून राहिले, अर्थात तिरके.

लाखोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. परीक्षा मंडळाच्या गोपनीय शाखेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. प्रश्नपत्रिका मोजायच्या, पाकिटात घालायच्या, लाख वितळवून सील मारायचं, सीलवर सही ठोकायची आणि पाकीट दोन कुलपांच्या खोलीत ठेवायचं. एक किल्ली यांच्याकडे, दुसरी दुसऱ्या साहेबांकडे, आणि एकानं कुलूप उघडताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. नोकरी संपली, इमारतीनं ठेवलेलं नाव राहिलं. त्यांना स्वतःला ते पदवीसारखं वाटे. एकतीस वर्षांत लक्षावधी मुलांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या हातून गेल्या आणि त्यांनी एकही वाचली नाही, हा त्यांच्या आयुष्याचा अभिमान होता. समोर कागद आला की नजर आपोआप छताला लागायची. त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनी, म्हणत, घरातले कागदही ते तितक्याच निष्ठेनं वाचत नाहीत. विजेचं बिल, मुलीची गुणपत्रिका, सगळं छताला माहीत.

तर अशा माणसाची उशी चारचौघांत निघाली होती. उशीचा शोध त्यांनी आदल्या दिवशी दुपारी, दार लावून, वहिनी बाजारात गेल्या असताना घेतला होता. कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. मग ही बातमी बाहेर गेली कशी?

त्यांनी जावयाला फोन लावला. जावई संगणकाच्याच धंद्यात, पण दूरच्या शहरात.

"बाबा, हेर वगैरे काही नाही. तुम्ही उशी शोधलीत, ते दुकानदाराला कळलं."

"त्याला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी त्याच्याशी बोललोच नाही."

"शोधलंत म्हणजेच सांगितलंत, बाबा. तरी मनाला लागलं असेल तर असं करा, संगणकात आधीपासून एक संरक्षण दिलेलं असतं, ते चालू ठेवा. अपडेट मागेल तेव्हा द्या. आणि आपणहून पुढ्यात येणाऱ्या कुठल्याही खिडकीवर टिचकी मारू नका. एवढं पुरे."

सगळं बोलणं दीड मिनिटात आटोपलं. आता, दीड मिनिटात मिळणारा सल्ला तज्ज्ञाचा कसा असेल? शिवाय ज्यानं यंत्र बनवलं त्यानंच पहारा द्यायचा, म्हणजे ज्यानं पेपर काढला त्यानंच तपासायचा. लाखोट्यांनी जावयाचे आभार मानले आणि सल्ला दप्तरी दाखल केला. त्यांच्या भाषेत याचा अर्थ, केराच्या टोपलीत टाकला.

गंमत अशी की त्याच दिवशी त्याच संगणकावर वहिनींना एक पत्र आलं होतं. आठ महिने त्या दुपारच्या वेळी त्या यंत्रावर कपड्यांच्या बेतण्या काढत होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या कपड्यांच्या. हात वर होत नाही, कूस वळवता येत नाही, अशा माणसाला न दुखवता घालता येईल असा गाउन, असा सदरा, असा पायजमा. शिवणकाम त्या लग्नाआधीपासून करत होत्या. संगणकावर रेघ ओढायला मात्र पन्नाशी उलटल्यावर, एकट्याच, चुकत चुकत शिकल्या. रुग्णालयांचे कपडे बनवणाऱ्या एका कारखान्याला त्यांनी तीन नमुने पाठवले होते. कारखान्यानं आता सगळे अठरा मागितले होते, सोबत एक फॉर्म, दोन्ही पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. पाचनंतर आलेलं विचारात घेतलं जाणार नव्हतं.

वहिनींनी पत्र चार वेळा वाचलं, छापलं, पाचव्यांदा कागदावर वाचलं आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. लाखोट्यांनी ऐकलं ते एवढंच की घरात अठरा गोपनीय फायली आहेत आणि त्या बाहेर जायच्या आहेत.

"आणि हेर आत असताना तू त्या उघड्यावर ठेवल्या आहेस?"

"अहो, कपड्यांची बेतणी आहे ती. तोफेची नाही."

"चोरीला गेली म्हणजे कळेल. काळजी करू नकोस. शुक्रवारच्या आत मी पहारेकरी नेमतो."

वहिनींना क्षणभर बरं वाटलं, हे नमूद करायला हवं. पस्तीस वर्षांत नवऱ्यानं त्यांच्या कामासाठी एवढी धावपळ कधी केली नव्हती. त्यानंतरचे दहा दिवस मात्र "भीक नको पण कुत्रं आवर" या एका म्हणीवर त्यांनी काढले.

पहिले दोन दिवस सल्ल्यात गेले. लाखोट्यांनी इमारतीतल्या जाणकारांना एकेकटं गाठून, दार लोटून, "हे आपल्या दोघांतच" असं बजावून सगळी हकीकत सांगितली. हकीकत सांगायची तर उशीपासून सांगावी लागे. दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझं ऐकाल तर कीड एका दाताला असली तरी सगळं तोंड तपासायचं. सगळंच पुसून टाका आणि नव्यानं भरा." समोरच्या दारातले विमेवाले म्हणाले, "एका पहारेकऱ्यावर विसंबू नका, साहेब. तीन ठेवा. एक झोपला तर दुसरा, दुसरा फितूर झाला तर तिसरा. आणि तिघांच्या पाठीमागे एखादी पॉलिसी असावी."

"यात तुमचं कमिशन कुठं बसतं तेवढं सांगा," लाखोटे म्हणाले.

विमेवाले हसले. पण विमेवाल्याचं हसणं म्हणजे माफी नव्हे, ती मुदत असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं साखर बांधता बांधता आपुलकीनं विचारलं, "उशी आली का, साहेब? आमच्या सासऱ्यांना फार गुण आला." गुप्तता राखण्यासाठी लाखोट्यांनी जेवढ्यांना विश्वासात घेतलं होतं, तेवढ्यांपर्यंत ही बातमी कुठल्याही हेराला वर्षभर खपूनही पोचवता आली नसती. पण लाखोट्यांचा निष्कर्ष वेगळा. "बघितलंस? दुकानदारापर्यंत पोचलाय तो."

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, सल्ले बस झाले, निवड गुणवत्तेवर करायची. आणि एकतीस वर्षं परीक्षा मंडळात काढलेल्या माणसाला गुणवत्ता मोजायचा एकच मार्ग माहीत असतो. त्यांनी पहारेकऱ्यांची लेखी परीक्षा घ्यायचं ठरवलं.

यात थट्टेचा काही भाग नाही. संगणकाला पहारा देणारे प्रोग्रॅम विकणाऱ्या चार कंपन्या त्यांनी स्वतः हुडकल्या. पाचवी आपणहून आली. लाखोटे उमेदवारांची यादी करत असताना पडद्यावर एक लाल खिडकी उघडली आणि म्हणाली, "सावधान, आपल्या संगणकात ४१२ हेर सापडले आहेत. सेवेची संधी द्या." इतरांच्या पायऱ्या यांना झिजवाव्या लागल्या. याचा अर्ज वेळेत, स्वहस्ते आला. लाखोट्यांवर या तत्परतेची छाप पडली. पण निकालावर परिणाम नको म्हणून त्यांनी कंपन्यांची नावं झाकून बैठक क्रमांक दिले, १०१ ते १०५.

प्रश्नपत्रिका काढायला दोन दिवस लागले. एकूण गुण शंभर, उत्तीर्ण होण्यास पस्तीस आवश्यक. "हेर आणि पहारेकरी यांतील फरक चार मुद्द्यांत स्पष्ट करा." "घरमालक चहा प्यायला उठला असताना आपण काय करता? खरे उत्तर लिहा." "कोण, कोणास व केव्हा म्हणाले: आपल्या सुरक्षिततेसाठी आपली माहिती द्या." शेवटी वीस गुणांचा निबंध होता, "मला हेर भेटला तर".

या काळात संगणक परीक्षेच्या कामासाठी ताब्यात घेण्यात आला होता. वहिनींचे चार नमुने अजून नीट करायचे होते. त्यांना दुपारी दोन ते चार अशी वेळ मिळाली, तीही लाखोटे खोलीत हजर असतील या अटीवर. हजर म्हणजे खुर्ची उलटी फिरवून, पडद्याकडे पाठ करून.

"बघा ना जरा. ही बाही इथून उघडते," वहिनी एकदा म्हणाल्या.

"गोपनीय काम चालू असताना मी बघत नसतो," लाखोटे भिंतीला म्हणाले.

"आणि त्या फॉर्मसाठी मला तुमची पाच मिनिटं हवीत."

"परीक्षा संपू दे."

वहिनींनी आणखी दोनदा विचारलं, एकदा स्वयंपाकघरातून आणि एकदा भाजी निवडताना. त्यानंतर विचारलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं, याचंही एक माप त्यांच्याकडे होतं.

परीक्षा रविवारी सकाळी अकराला सुरू झाली. लाखोट्यांनी कंपन्यांच्या ग्राहकसेवेच्या खिडक्या ओळीनं उघडल्या आणि प्रत्येकीत प्रश्न क्रमांक एक टाकला. १०१ नं लिहिलं, "आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." १०२ नं लिहिलं, "आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." १०३ चं उत्तर आल्यावर लाखोटे खुर्चीतून उठलेच.

"सामुदायिक कॉपी," ते म्हणाले. "अगं ए, इकडे ये. शब्द तर शब्द, पूर्णविरामसुद्धा त्याच जागी."

तिघांचे पेपर रद्द झाले. १०४ नं उत्तर देण्याऐवजी यांनाच विचारलं, "आपण माणूस आहात ना? खालील चित्रांतील सर्व सायकली ओळखा." परीक्षार्थीनं परीक्षकाची परीक्षा घ्यायची, हा उद्धटपणा लाखोट्यांनी भर उन्हाळी सत्रात दंगा करणाऱ्या मुलांतही पाहिला नव्हता. त्याला वर्गाबाहेर काढण्यात आलं.

उरला १०५. त्यानं पहिल्याच ओळीत "आदरणीय सर" लिहिलं. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत लाखोट्यांना कोणी सर म्हटलं नव्हतं. १०५ नं सगळे प्रश्न सोडवले, निबंधासकट. निबंधात हेर भेटला, त्याला पकडलं आणि मग सर आनंदी झाले. लाखोट्यांनी डोळ्यांत तेल घालून पेपर तपासला. शुद्धलेखनाचे कापले, मुद्दे विस्कळीत म्हणून कापले, टापटिपीचे पाच गुण तर दिसण्यासारखं अक्षरच नसल्यामुळे सगळेच कापले. बेरीज चौतीस आली. ते बराच वेळ बेरजेकडे बघत बसले, आणि मग नियमात राहून एक कृपागुण दिला.

नेमणुकीआधी १०५ नं एक फॉर्म भरून मागितला. पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, घरातल्या माणसांची नावं, ओळखीच्या सगळ्यांचे फोन नंबर, कॅमेऱ्यातून बघायची परवानगी, आवाज ऐकायची परवानगी. लाखोट्यांनी एकही रकाना मोकळा ठेवला नाही. "याला म्हणतात चौकशी. त्या जावयानं आपल्याला एवढे तरी प्रश्न विचारले होते का?"

आता राहिला पासवर्ड. सोळा अक्षरांचा, आणि घरात माणसं दोन, म्हणजे प्रश्नच नव्हता. पहिली आठ अक्षरं यांची, पुढची आठ वहिनींची, एकानं दुसऱ्याची जाणायची नाहीत. एक टाइप करत असताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. १०५ दर पंधरा मिनिटांनी पासवर्ड विचारी. त्यामुळे बुधवारी आणि गुरुवारी जो कोणी त्या घरात आला, त्याला पन्नाशी ओलांडलेलं एक जोडपं आळीपाळीनं कोपऱ्यात उभं राहताना दिसलं. दूधवाल्यानं खाली जाऊन सांगितलं की वर काहीतरी उपचार चालू आहेत. त्याचा संबंध लोकांनी आपापल्या बुद्धीनं उशीशी जोडला.

विसरलो तर सोय असावी म्हणून लाखोट्यांनी बुधवारीच आपली आठ अक्षरं पाकिटात घातली, सील मारलं आणि विमेवाल्यांकडे ठेवायला दिली. "मी स्वतः मागायला आलो तरी द्यायचं नाही," त्यांनी बजावलं. "माझ्यावर दबाव असू शकतो."

"कोणाचा?"

"कोणाचाही."

शुक्रवार उजाडला. वहिनींनी आदल्या दुपारीच शेवटचा नमुना पुरा केला होता. सकाळी अकराला, केस नीट बांधून, जणू मुलाखतीला निघाल्यासारख्या त्या संगणकापुढे बसल्या. अठराही फायली पत्राला जोडल्या, अडलेला फॉर्म मागाहून पाठवायचं ठरवलं. पाठवायचं बटण दाबलं. १०५ नं पडदा लाल केला.

"संशयास्पद हालचाल. अठरा फायली घराबाहेर पळताना पकडल्या आहेत. कोठडीत ठेवल्या आहेत."

"शाबास," लाखोट्यांच्या तोंडून निघून गेलं. वहिनींनी नुसतं वळून पाहिलं.

"सोडवतो ना. आत्ता सोडवतो. तोंड फिरव."

वहिनींनी तोंड फिरवलं. लाखोट्यांनी आठ अक्षरं दाबली, वहिनींनी आठ. चूक. पुन्हा दोघं गोल फिरले. चूक. तेव्हा लाखोट्यांना आठवलं, की दर गुरुवारी किल्ली बदलायची हा आपलाच नियम, आणि काल रात्री झोपण्यापूर्वी आपण ती बदललीही होती. मात्र कशानं बदलली, ते आठवलं नाही. एकच संधी उरली होती. ते चपला न घालताच समोरच्या दारात गेले.

विमेवाल्यांनी दार उघडलं, हकीकत शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "नाही देता येणार, साहेब."

"अहो, मी स्वतः आलोय."

"तेच तर. तुम्ही स्वतः आलात तरी द्यायचं नाही, असं सांगून गेलात परवा. तुमच्यावर दबाव आहे का?"

"आहे. बायकोचा आहे."

"बघा. म्हणजे अगदीच देता येणार नाही."

विमेवाल्याची मुदत अशी भरत असते. त्यांनी लेखी अर्ज मागितला. अर्जावर दोन साक्षीदार मागितले. दातांचे डॉक्टर एका दाढेत गुंतले होते, ते तोंड उघडं टाकून कसे येणार. पेशंटसकट सगळं आवरायला दोन वाजले. दुसरा साक्षीदार म्हणून अखेर तो पेशंटच वर आला. त्याला बोलता येत नव्हतं, पण सही करता आली. साडेतीनला विमेवाल्यांनी कपाट उघडलं, पाकीट उजेडात धरून सील शाबूत असल्याची सगळ्यांना खात्री पटवली आणि पोचपावती घेऊन पाकीट दिलं.

लाखोट्यांनी घरी येऊन सील फोडलं. आतली आठ अक्षरं बुधवारची होती. किल्ली बदलली ती गुरुवारी, आणि बदलल्यावर पाकीट बदलायचं राहिलं होतं. हे ध्यानात येईपर्यंत त्यांनी ती दाबलीही होती. "तीन चुकीचे प्रयत्न. चोवीस तासांनी या."

घड्याळात चार वाजायला दहा कमी होते. वहिनी पडद्याकडे बघत होत्या, तिथं त्यांच्या अठरा नमुन्यांच्या चिमुकल्या चित्रांवर उभे गज दाखवले होते. लाखोट्यांना कधी नव्हे ते असं वाटलं, की हिनं दोन शब्द सुनवावेत. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. नियम दाखवता येतात.

"तुझ्या त्या दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावतेस का?" ते म्हणाले. संगणक घेतला तेव्हा वहिनींनी बाजारपेठेतल्या ज्या बाईंकडून तो नीट लावून घेतला होता, त्या बाई. लाखोट्यांनी त्यांचा उल्लेख आजवर "बाहेरची व्यक्ती" असा केला होता.

दुरुस्तीवाली सव्वाचारला आली. हेल्मेट टेबलावर ठेवलं, बसली, आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कोणी घातलं आत?"

"रीतसर निवड झाली आहे," लाखोटे म्हणाले. "पाच उमेदवारांतून."

ती बाई कमी बोलणारी होती. अकरा मिनिटं तिची बोटं चालत राहिली. दारात विमेवाले आणि डॉक्टर येऊन उभे होते. पाकिटाचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय त्यांना घास उतरला नसता.

"काका," दुरुस्तीवाली अखेर म्हणाली, "तुमच्या संगणकात हेर एकच होता. तो तुम्ही परीक्षा घेऊन नेमलात."

डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं." म्हणायची गरज नव्हती, पण डॉक्टरांचा धंदाच दुखऱ्या जागी टोकदार वस्तू लावून बघण्याचा.

"दर तासाला इथलं सगळं बाहेर पाठवत होता," ती सांगत गेली. "तुमचे फोन नंबर. जन्मतारीख. तुम्ही काय शोधता ते. उशीचं तर एकोणीस वेळा पाठवलंय. काढून टाकलाय मी आता. यंत्राचा स्वतःचा पहारेकरी यानं बंद करून ठेवला होता, तो चालू केलाय. तेवढा पुरतो. इथं टाइप केलेले पासवर्ड आणखी कुठं वापरले असतील तर आजच बदला."

जावयाचा सल्लाही नेमका हाच होता. त्यात कॉपीचा संशय घ्यायलासुद्धा जागा नव्हती.

"आणि माझ्या फायली?" वहिनींनी विचारलं. "त्यासुद्धा पाठवल्या त्यानं?"

दुरुस्तीवालीनं पडदा वर-खाली सरकवून पाहिला. "नाही. त्याच तेवढ्या शाबूत आहेत. आठ महिन्यांत तुमच्याशिवाय त्या कोणी उघडल्या नाहीत. हेरानंसुद्धा ढुंकून पाहिलं नाही."

"सवय झाली असेल त्यालाही," वहिनी म्हणाल्या. "घराला घरपण येतं ते असंच."

हे त्या हसत म्हणाल्या. विमेवालेही हसायला लागले होते, पण लाखोट्यांचं तोंड बघून थांबले, आणि डॉक्टरांचा दंड धरून त्यांना बाहेर घेऊन गेले. विमेवाल्याला कुठं थांबायचं ते कळतं. दुरुस्तीवाली हेल्मेट घालून गेली तेव्हा पाचला चौदा मिनिटं होती.

वहिनींनी फायली पुन्हा जोडल्या. फॉर्म उघडला. सगळी पानं भरलेली होती, शेवटचं एक सोडून. लाखोटे सवयीनं भिंतीकडे वळले.

"वळा इकडे," वहिनी म्हणाल्या. "याच्यासाठी पाच मिनिटं मागत होते. हे मला भरता येत नाही."

पानावर वरती लिहिलं होतं, "नमुना क्रमांक एक ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष वापरला, तिच्या निकटच्या नातेवाइकाने लिहावे. नमुना तयार करणाऱ्याने लिहू नये. रुग्णास कोणता फरक पडला?" शेजारी नमुना क्रमांक एकचं चित्र होतं. फिकट रंगाचा गाउन, खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी बाही, पाठीला शिवणच नाही.

लाखोट्यांनी तो गाउन ओळखला. ओळखायला जरा वेळ लागला, कारण तो त्यांनी कायम भरलेला पाहिला होता. त्यात त्यांची आई असे.

"हा तू शिवलास?"

"मग?"

"मला वाटलं, दुकानातून आणला."

"चार वर्षं दुकानातून?" वहिनी म्हणाल्या. "सहा शिवले. आधीचे तीन चुकले. एकात त्यांची बगल काचली होती, आठ दिवस मला झोप नव्हती. तुम्ही रोज संध्याकाळी बसायचात ना त्यांच्यापाशी?"

बसत तर होते. रोज तासभर, खुर्ची ओढून. आई बोलायची, ते ऐकायचे. कपडे बदलायची वेळ झाली की उठून बाहेरच्या खोलीत जायचे. ती खासगी बाब, आपण बघायची नाही.

"लिहा काहीतरी," वहिनी म्हणाल्या. "बारा मिनिटं आहेत."

जगाला शंभर गुणांची प्रश्नपत्रिका काढून देणारे लाखोटे एका प्रश्नापुढे बसले. फरक कोणता पडला? बाही कुठून उघडते, बंद कुठं लागतात, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती घड्याळाकडे बघत होती. मदत करणार नव्हती, आणि मागायची त्यांना छाती नव्हती. चार मिनिटं अशीच गेली. एकदा त्यांनी "गाउन समाधानकारक आहे" असं लिहिलं आणि पुसलं. मग एक बोट वापरत, अक्षर अक्षर शोधत, त्यांनी लिहायला घेतलं. वहिनी वाचत गेल्या.

"रुग्ण माझी आई होती. तिचा उजवा हात वर होत नसे. कपडे बदलताना ती विव्हळायची. मी बाहेरच्या खोलीत असायचो, तिथवर ऐकू यायचं, म्हणून मी रेडिओ मोठा करायचो. पुढे हा गाउन आला. त्यानंतर रेडिओ मोठा करावा लागला नाही. आवाज का थांबला, हे मी कधी विचारलं नाही."

खाली त्यांनी नाव लिहिलं, नातं लिहिलं, "मुलगा".

वहिनींनी पदरानं नाक पुसलं. पाचला तीन मिनिटं होती. "शेवटचं वाक्य नको असेल तर काढते," त्या म्हणाल्या. "कारखान्याला त्याचं काय."

"राहू दे," लाखोटे म्हणाले. "उत्तर तेवढंच आहे."

वहिनींनी बटण दाबलं. गेलं. मग लाखोट्यांनी आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि ते म्हणाले, "दुसरा नमुना दाखव."